आवाजातली नाती



आजचा विषय काहींना आडवाटेचा वाटेल. मॉड्यूलर सिंथेसायझर हे नाव ऐकून समोरच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे तारांचं जंजाळ आलं असेल, आणि ज्येष्ठांना जुनं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं असेल. दोघांचंही चुकत नाही. एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेली धातूची पॅनेलं, म्हणजे मॉड्यूलं, प्रत्येक पॅनेलवर फिरवायची काही बटणं, काही भोकं, आणि ती भोकं एकमेकांना जोडणाऱ्या रंगीबेरंगी तारा. एवढंच ते रूप. छेडायला तार नाही, फुंकायला जागा नाही, थाप मारायला चामडं नाही. वीज सुरू केली तरी ते गप्पच राहतं. सतार कोपऱ्यात नुसती टेकवून ठेवली आणि कुणाचा धक्का लागला, तरी येणारा आवाज सतारीचाच असतो. या वस्तूला स्वतःचा म्हणून आवाजच नाही. मग हिला वाद्य म्हणायचं ते कशाच्या बळावर?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढचा तासभर त्याची उलटतपासणी करता येईल. वाद्याचं वाद्यपण त्यातल्या बदलांच्या आपसातल्या नात्यात असतं. आवाज मोठा झाला की तो उजळतो का? विरताना तो बारीक होतो की खाली घसरतो? एक गोष्ट बदलली की दुसरी कोणती बदलते, किती बदलते, किती वेळाने बदलते? प्रत्येक वाद्य या प्रश्नांची उत्तरं लाकडात, तारेत, चामड्यात कायमची कोरून ठेवतं. मॉड्यूलर सिंथेसायझर ती नाती सोडवतो आणि सुटी सुटी आपल्या हातात देतो. नवशिक्याने शिकायचं ते ही नाती बांधायला. बाकी सगळं, म्हणजे कोणत्या कंपनीचं मॉड्यूल आणि कोणत्या रंगाची तार, नंतरचं आहे.

थोडा इतिहास पाहू, पण कामापुरताच. विजेवर चालणारी वाद्यं 1964च्या खूप आधीपासून होती. स्वर निर्माण करणारी यंत्रं होती, आवाज गाळणारी यंत्रं होती. अडचण अशी की बहुतेक यंत्रांची बटणं माणसाला हाताने फिरवावी लागत, आणि माणसाला हात दोनच. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर 1964मध्ये जे उभं केलं, त्यातली कल्पना सांगायला सोपी आहे आणि परिणामांनी प्रचंड आहे: बटण हाताऐवजी व्होल्टेजने फिरवायचं. एका यंत्रातून निघालेलं व्होल्टेज दुसऱ्या यंत्रात सोडलं की दुसऱ्याचं बटण आपोआप फिरतं. मूग यांनी रूढ केलेला नियम आजही बहुतेक ठिकाणी चालतो: एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला यांनी मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर या संगीतकारांसाठी जवळजवळ याच कल्पनेवर दुसरं यंत्र घडवलं. मूग यांनी यंत्राला पियानोसारखी काळी-पांढरी पट्टी जोडली. बुकला यांनी ती मुद्दाम टाळली आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारे पत्रे बसवले. त्यांचं म्हणणं असं की पट्टी समोर आली की हात जुनंच संगीत वाजवू लागतो. हा वाद साठ वर्षांनंतरही संपलेला नाही, आणि संपू नये असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे येऊ. सुरुवात होते ऑसिलेटरपासून. हा अखंड कंप देत राहतो, न थांबता. त्याच्या कंपाचा आकार निवडता येतो. साइन लहरीत एकच मूळ स्वर असतो, दुसरं काही नाही. तंबोऱ्यात कान लावून बसणाऱ्यांना स्वयंभू स्वर म्हणजे काय ते सांगायला नको. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत हे सगळे स्वयंभू स्वर हजर असतात: मूळ स्वर 110 हर्ट्झचा असेल तर 220चा त्याच्या निम्म्या जोराने, 330चा एक तृतीयांश, 440चा एक चतुर्थांश, असे वर वर जात. चौकोनी लहरीत त्यातले एकाआड एक गायब होतात, म्हणून ती पोकळ, बासरीच्या वळणाची पण जरा नाकातली वाटते. करवती लहर कानाला कर्कश लागते आणि नवशिक्या तिथेच नाराज होतो. होऊ नये. ती भरगच्च असते म्हणूनच तिच्यातून काढून टाकायला पुष्कळ असतं, आणि काढायचं काम पुढच्या मॉड्यूलचं, फिल्टरचं. सर्वांत जास्त वापरात असलेला फिल्टर एका ठरावीक रेषेच्या वरचे स्वर दाबतो. मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरमध्ये त्या रेषेच्या एक सप्तक वर असलेला स्वर जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येतो. ती रेषा खाली आणली की आवाज मंद, घोंगडीत गुंडाळल्यासारखा. वर नेली की लख्ख. रेषेजवळचे स्वर उठावदार करणारं आणखी एक बटण असतं, रेझोनन्स नावाचं. ते टोकाला नेलं तर पुष्कळ फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागतात, समोर ऑसिलेटर नसतानाही. या बटणाशी पहिले दोन दिवस सगळेच खेळतात. खेळू द्यावं.

एवढं जोडून जो आवाज मिळतो तो अखंड गुरगुरणारा असतो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. सुरुवात आणि शेवट नसेल तर आवाजाला ओळख असते का? 1948मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत पिएर शेफर यांनी घंटेचा नाद ध्वनिमुद्रित केला आणि टोल्याचा पहिला क्षण काढून टाकला. उरलेल्या नादातून घंटा ओळखू येईना; तो एखाद्या फुंकवाद्यासारखा लागू लागला. धातू तोच, घडण तीच, स्वर तोच. गेला होता फक्त पहिला क्षण. एवढ्या एका प्रयोगाने आपली एक पक्की समजूत डळमळायला हवी. वाद्याचा रंग म्हणजे त्याच्या स्वयंभू स्वरांची यादी, असं आपण धरून चालतो. यादी तशीच ठेवून तिचा काळातला प्रवास बदलला तर वाद्य बदलतं, असं ही घंटा सांगते.

हा प्रवास आखायला दोन मॉड्यूलं लागतात. पहिलं व्हीसीए. आवाजाचं बटण कुणी तरी फिरवावं तसं हे व्होल्टेजच्या सांगण्यावरून आवाज लहानमोठा करतं. दुसरं एन्व्हलप, म्हणजे तो सांगणारा. डॉइच यांना स्वरांचे सुटे, ठसठशीत उच्चार हवे होते, तेव्हा मूग यांनी दुकानातून दाराच्या घंटेचं बटण आणवलं आणि ते दाबताच चढून उतरणारं व्होल्टेज तयार केलं, अशी हकिगत त्या दोघांनीच सांगितलेली आहे. पुढे कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटरच्या व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी त्या चढउताराचे टप्पे मागितले. तेच आज अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज या नावांनी जगभर शिकवले जातात: चढायला किती वेळ, किंचित उतरायला किती, दाबून धरलं तर कोणत्या पातळीवर थांबायचं, सोडल्यावर विरायला किती. चारांपैकी तीन कालावधी आहेत आणि सस्टेन ही एकच पातळी आहे. पुस्तकं हे सांगतात, शिकणारा ते विसरतो, आणि सस्टेनचं बटण फिरवून आवाज लांब का होत नाही म्हणून यंत्राला दोष देतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. समजा, एन्व्हलप फक्त व्हीसीएला जोडला. आवाज सुरू होतो, विरतो, पण खोटा लागतो. चूक कुठे शोधायची? तंबोऱ्यात शोधू. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना आणि सतारींना 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे कारागीर जवारी काढताना नेमकं काय करतात? घोडीचा रुंद माथा किंचित उतरता घासतात, तारेखाली दोरा सरकवतात. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. तिचं आंदोलन जसजसं लहान होत जातं तसतसं टेकणं बदलतं, आणि कोणता स्वयंभू स्वर पुढे येणार तेही बदलतं. म्हणजे तारेचं विरणं आणि रंगाचं सरकणं ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत. त्यांना वेगळं करताच येत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी या घोडीचा अभ्यास केला आणि त्याच काळात आपल्या तालवाद्यांच्या शाईचाही. साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात. शाईच्या भाराने ते मूळ स्वराशी सुरात येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि डग्गा? थाप पडल्यावर मनगटाचा दाब वाढला की स्वर चढतो, आवाज मात्र विरतच असतो. उतरणारा आवाज आणि चढणारा स्वर यांचं ते नातं म्हणजेच घुमारा. ते काढून टाका, मागे उरतो नुसता धप्पकन आवाज.

म्हणून पहिला खरा धडा हा: तोच एन्व्हलप दोन ठिकाणी जोडायचा, व्हीसीएला आणि फिल्टरलाही. आता आवाज मोठा होताना उजळतो आणि विरताना मंदावतो. एका तारेची भर पडली आणि खोटेपणा निम्मा गेला, कारण जगातल्या जवळजवळ प्रत्येक छेडलेल्या, ठोकलेल्या वस्तूत हे दोन बदल असेच जोडीने होतात आणि आपला कान ते जन्मापासून ऐकत आलेला आहे. मग तिसरी तार: दुसरा, अगदी आखूड एन्व्हलप ऑसिलेटरच्या स्वराला लावायचा, लहर साइन ठेवायची, मूळ स्वर 50 हर्ट्झच्या आसपास. ढोलाचा ठोका तयार. इथे ढोल कुठून आला? कोणतंही नवं मॉड्यूल घेतलेलं नाही, होती तीच नाती नव्याने बांधली. आणि एक उलटं नातंही बांधून पाहावं: आवाज विरत असताना फिल्टर उघडत न्यायचा. असं लाकडा-चामड्यात सहसा होत नाही. ऐकताना अंगावर काटा येतो, कारण कानाला माहीत असलेला करार मोडलेला असतो.

हीच गोष्ट एलएफओची. हा मंद चालणारा ऑसिलेटर. त्याचा आवाज ऐकायचा नसतो, त्याने इतरांना हलवायचं असतं. सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांवर तो ठेवला आणि तार स्वराला लावली तर स्वर कंप पावतो, व्हीसीएला लावली तर आवाज थरथरतो, फिल्टरला लावली तर रंग उघडमीट करू लागतो. तीच तार, तीन भोकं, तीन वेगळे परिणाम. मग तो एलएफओ हळूहळू वेगात न्यावा. दहा, पंधरा, वीस. इथे काही तरी विलक्षण घडतं. सेकंदाला सुमारे वीस फेऱ्यांपलीकडे कानाला हालचाल मोजता येत नाही. स्वराचा कंप संपतो आणि त्याच्या जागी नवे, कधी सुरेल तर कधी घणघणणारे उपस्वर उभे राहतात. याच घटनेचा पाठपुरावा 1967मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी संगणकावर केला, आणि 1983च्या यामाहा डीएक्स 7 या कीबोर्डमधून तो लग्नाच्या वाद्यवृंदापर्यंत येऊन पोहोचला. लय आणि रंग या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं आपण मानतो. मॉड्यूलरवर एकच बटण फिरवत या खोलीतून त्या खोलीत जाता येतं. कोणत्या वाद्यावर हे इतक्या उघडपणे ऐकता येईल?

आता आक्षेप. पहिला जुनाच: हे यंत्र आहे, यात जीव नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. एकाच मापाचा एन्व्हलप शंभर वेळा वाजला तर तो निर्जीव वाटणारच. तबलजीच्या दोन 'ना' कधी तंतोतंत सारख्या नसतात. बोटाचा जोर वाढला की आवाज, रंग आणि स्वर तिन्ही एकदम हलतात. मॉड्यूलरमध्ये हे फुकट मिळत नाही. ते मागावं लागतं: प्रत्येक ठोक्याला वेगळं व्होल्टेज द्यायचं आणि ते एकाच वेळी तीन ठिकाणी, वेगवेगळ्या प्रमाणात, पोहोचवायचं. ते प्रमाण ठरवणारं साधं बटण, ॲटेन्युएटर नावाचं, माझ्या मते सगळ्या यंत्रातलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचं अंग आहे. नवशिक्याचा आवाज बटबटीत होतो तो तारा चुकल्याने नव्हे; प्रत्येक तार पूर्ण जोराने लावल्याने.

दुसरा आक्षेप आपल्या संगीताकडून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. बारा पट्ट्यांत आमच्या श्रुती कशा बसणार? याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने 1940मध्ये पेटीला दार बंद केलं होतं आणि ती बंदी 1971पर्यंत सैल झाली नाही. पण ही अडचण पट्टीची आहे. व्होल्टेजला पायऱ्या नसतात. एका सप्तकाला एक व्होल्ट म्हणजे अर्ध्या स्वराला सुमारे 83 मिलिव्होल्ट, आणि मधली प्रत्येक जागा मोकळी. कोमल ऋषभ हवा तितका उतरवा. मींडही मिळते: स्ल्यू नावाचं मॉड्यूल एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर उडी न मारता सरकत नेतं. इथे मात्र मी यंत्राची वकिली थांबवतो. ते सरकणं ठरावीक साच्याचं असतं. गवयाची मींड मध्ये रेंगाळते, एखाद्या कणाला शिवते, शेवटी घाई करते. ती वळणं आखून देता येतात, पण तेवढ्या कष्टात माणूस गायला शिकेल. शिवाय जुन्या पद्धतीचे ऑसिलेटर तापले की स्वर सोडतात. ख्यालाची नक्कल करायला हे यंत्र कुचकामी आहे, आणि ती अपेक्षाच ठेवू नये.

नक्कल सोडली की काय होतं, याचे दोन पुरावे आपल्याच देशातले आहेत. मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्यांची यंत्रं रोलँड कंपनीची, मॉड्यूलर नव्हती. पण त्यातल्या टीबी 303 या छोट्या यंत्रावर ॲक्सेंटची एक सोय आहे: एखाद्या स्वरावर ती लावली की तो मोठाही होतो आणि त्याचा फिल्टरही जास्त उघडतो. म्हणजे आपण बोलत आहोत तेच नातं, कारखान्यातून बांधून आलेलं. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. 2010च्या पुनर्मुद्रणानंतर जगाने कान टवकारले. दुसरा पुरावा त्याहून जुना. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, पखवाज जाणणाऱ्या गीता साराभाई यांच्या पुढाकाराने, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969मध्ये मूग मॉड्यूलर बसवून स्टुडिओ उभा केला. गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी 1972पर्यंत तिथे काम केलं. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या कलावंताला त्या 2017मध्ये सापडल्या आणि निवडक रचना 2023मध्ये प्रसिद्ध झाल्या. ऐकून पाहा. त्यात सतारीची किंवा सरोदची नक्कल करण्याचा अट्टहास नाही. माणसं यंत्राला विचारत आहेत की तू काय करू शकतोस.

राहिला पैशाचा आक्षेप. 1990च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी लहान, एकमेकांशी जुळणाऱ्या मॉड्यूलांचं माप पुढे आणलं, ते युरोरॅक म्हणून रूढ झालं आणि आज असंख्य छोटे कारागीर त्या मापात मॉड्यूलं बनवतात. तरी ती महागच, आणि या छंदातले काही लोक वाजवण्यापेक्षा जमवण्यातच रमतात, हेही खरं. पण 2017पासून व्हीसीव्ही रॅक हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात हीच मॉड्यूलं आणि ह्याच तारा पडद्यावर असतात. मग तयार आवाजांचा साधा कीबोर्ड काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट काहीच नाही. उद्या संध्याकाळी कार्यक्रम असेल तर तोच घ्यावा. फक्त त्यातली नाती दुसऱ्या कुणी तरी आधीच बांधलेली आहेत, आणि ती का आवडतात हे त्यातून कळत नाही. शिकायचं असेल तर एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक व्हीसीए, एक एन्व्हलप, एक एलएफओ. महिनाभर सहावं मॉड्यूल उघडू नये. प्रत्येक जोडणी वहीत लिहून ठेवावी, कारण तारा काढल्या की मॉड्यूलरला काहीच आठवत नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती आपल्या संगीत महाविद्यालयांकडे आहे. तिथे नादशास्त्राचा पेपर असतो. कंपनसंख्या, तीव्रता, नादाची जात या व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. त्यांतली प्रत्येक व्याख्या या पाच मॉड्यूलांवर कानाने तपासता येते. प्रोग्राम फुकट आहे, संगणक बहुतेक ठिकाणी आहे, अहमदाबादेत हे 1969मध्ये करून झालेलं आहे. येत्या वर्षाच्या अभ्यासक्रमात त्यासाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवा, आणि त्या तासाला तबल्याच्या आणि सतारीच्या शिक्षकांनाही वर्गात बसवा.